क्वार्टरबॅकची भांडणं आणि डोक्याला बसणारा मार

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हे काही वेगळं सांगायला नको, सप्टेंबर लागला की सोमवारी सकाळी ऑफिसात एकच विषय, अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले, म्हणजे एनएफएलमधले क्वार्टरबॅक (टीमसाठी पास टाकणारा मुख्य खेळाडू): महोम्स मोठा की जॉश अॅलन, लमार जॅक्सन प्लेऑफमध्येच, म्हणजे बाद फेरीतच का अडकतो, सुपर बोल म्हणजे लीगची फायनल ७ वेळा जिंकणाऱ्या ब्रेडीपर्यंत कोणी पोचणार का. मला हे वाद प्रचंड आवडतात, मीही तावातावाने भांडते. पण या भांडणात एक वाक्य हमखास येतं, "अरे तो टफ आहे, हा नाजूक आहे", आणि ते ऐकलं की मला राहवत नाही, म्हणून आज त्यावरच बोलणार आहे.

तेव्हा मायामीचा क्वार्टरबॅक असलेला टुआ टॅगोवायलोआ घ्या. २५ सप्टेंबर २०२२, बफेलोविरुद्ध मॅच, धक्का बसून पडला, डोकं जमिनीवर आपटलं, उठून दोन पावलं चालला आणि झोकांडी गेली, शेवटी साथीदारांनी धरलं. पाठीचं दुखणं आहे असं सांगितलं गेलं आणि सेकंड हाफमध्ये हा परत मैदानात! मायामी जिंकली, लोक खूश, काय जिगर आहे म्हणाले. चारच दिवसांनी, गुरुवारी, सिनसिनाटीत त्याला पुन्हा आपटलं आणि पडल्या पडल्या त्याच्या हाताची बोटं वाकडीतिकडी होऊन ताठली, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मग खेळाडूंच्या युनियनने पहिल्या मॅचच्या तपासणीतल्या एका तज्ज्ञाला काढलं, आणि ऑक्टोबरमध्ये नियम आला की डोक्याला लागून तोल गेला तर त्या दिवशी परत खेळायचं नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टुआला आणखी एक कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का.

२०२३ ला मात्र पूर्ण सीझन खेळला, पास टाकून ४,६२४ यार्ड, लीगमध्ये सगळ्यात जास्त, २०२४ च्या जुलैत २१ कोटी २४ लाख डॉलरचा करार झाला आणि सप्टेंबरमध्ये बॉल घेऊन पळताना तो थेट बफेलोच्या डमार हॅमलिनवर डोक्याने धडकला. तोच हॅमलिन, ज्याचं हृदय २ जानेवारी २०२३ ला छातीवर धक्का बसून मैदानातच थांबलं होतं आणि तिथेच सीपीआर देऊन त्याला वाचवलं. त्या रात्री फॅन लोकांचे दोन तट पडले, एक म्हणे बस झालं, रिटायर हो, दुसरा म्हणे धडक टाळायला स्लाइड का नाही केलं, म्हणजे पाय पुढे करून जमिनीवर घसरला का नाही, चूक त्याचीच. टुआ तेव्हा २६ वर्षांचा होता हो! आणि स्लाइड करायला शिकला पाहिजे हे खरंच आहे, पण एकेक यार्डासाठी झेपावणाऱ्याला टाळ्या आपणच वाजवतो ना?

इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक आठवतो का? ऑगस्ट २०१९, वय २९, खांदा, किडनी, बरगड्या, पाय, सगळ्या दुखापती सोसून झाल्यावर म्हणाला मी थांबतो, आणि इंडियानापोलिसमध्ये त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला आजही त्याचा राग येतो. उलट सलग २९७ मॅच स्टार्ट करणाऱ्या क्वार्टरबॅक ब्रेट फार्वला आपण लोखंडी माणूस म्हणून डोक्यावर घेतलं. २०२४ मध्ये फार्वने सांगितलं की आपल्याला पार्किन्सन्स आहे. खेळामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, पण एकही मॅच न चुकवणं हा गुण आहे का, हे तरी आता विचारायला हवं.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. क्वार्टरबॅकला जरा लागलं की रेफरी फाउलचा फ्लॅग टाकतो, १५ यार्ड पेनल्टी. त्याच्या रक्षणासाठी पुढ्यात उभे असतात त्या लाइनमनची डोकी जवळपास प्रत्येक प्लेला आपटतात, कन्कशन होत नाही म्हणून कोणी मोजत नाही. सीटीई हा डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडलेला मेंदूचा आजार फुटबॉलपटूत पहिल्यांदा सापडला तो पिट्सबर्गच्या माइक वेबस्टरमध्ये, २००२ साली पन्नाशीत गेला बिचारा, आणि तो सेंटर होता, म्हणजे लाइनमनच. डॉक्टर बेनेट ओमालूंनी त्याचा मेंदू तपासला. पुढे बोस्टन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई. आता हे मेंदू घरच्यांनी शंका आली म्हणून दान केलेले, म्हणजे सगळ्याच खेळाडूंना होतो असा अर्थ काढू नका. पण त्यांचाच २०१९ चा अभ्यास सांगतो की खेळलेल्या प्रत्येक वर्षामागे धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या एका भयानक हिटपेक्षा वर्षानुवर्षांचे छोटे छोटे धक्के जास्त महत्त्वाचे, आणि सीटीईचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं.

आपली मुलंही आता हायस्कूल टीममध्ये जायला लागलीत, त्यांच्या आईबाबांना एवढंच सांगते. वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलाला डोक्याला लागल्यावर परत खेळायला सोडलं आणि त्याला जन्मभराची इजा झाली, त्यावरून २००९ ला तिथे कायदा झाला आणि नंतर सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. कन्कशनची शंका आली की मुलाला बाहेर काढायचं, आणि साधारण सगळीकडे वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत सोडायचं नाही. शुक्रवारी मॅच आहे म्हणून त्या कागदासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका. आणि मुलगा लहान असेल तर फ्लॅग फुटबॉल आहेच, त्यात पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढायची, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्येही येतोय, पास टाकायची सगळी मजा त्यात आहे.