लोशन, क्रीम आणि त्यांचं वय

(दृश्य: कपाटाचा खण. मागच्या रांगेत अर्धवट वापरलेल्या बाटल्या आणि डब्या.)

अर्धी बाटली शिल्लक आहे. वासही ठीक येतोय. मग टाकायची कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की लोशन खराब होतं, पण एकाच तऱ्हेनं नाही. आणि त्यातली सगळ्यात घातक तऱ्हा नाकाला कळत नाही.

बहुतेक बॉडी लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्या पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पसरलेले असतात, आणि इमल्सिफायर नावाचा घटक त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो. उन्हात तापलेल्या गाडीत बाटली राहिली, किंवा नुसताच बराच काळ लोटला, की हे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. तेल वर येतं, खाली पाणी सुटतं. बाटली जोरात हलवली की पुन्हा सगळं एकजीव झाल्यासारखं दिसतं, पण ते तेवढ्यापुरतंच. फुटलेलं लोशन वापरू नये.

(दृश्य: काचेच्या भांड्यात मेण वितळतंय.)

तेलाचं दुखणं तर फार जुनं. कोल्ड क्रीमची कृती दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन याच्या नावावर सांगितली जाते. मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी. अशी क्रीम ताजी करूनच वापरावी लागे, कारण वनस्पती तेलावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते आणि ते खवट होतं. पुढे त्या तेलाच्या जागी खनिज तेल आलं आणि क्रीम टिकू लागली.

सुगंधाचंही तसंच. लिमोनिन आणि लिनालूल ही सुगंधी द्रव्यं असंख्य लोशनमध्ये असतात. हवा लागून त्यांचं ऑक्सिडीकरण झालं, की तयार होणारे पदार्थ काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठवतात. वर्षभर सोसलेलं लोशन अचानक खाजू लागलं, तर त्वचेच्या बरोबरीनं बाटलीवरही संशय घ्यायला हवा.

(दृश्य: रुंद तोंडाची डबी. ओलं बोट आत जातं.)

आता जंतूंकडे येऊ. पाणी आहे तिथे जीवाणू आणि बुरशी वाढू शकतात, म्हणून लोशनमध्ये संरक्षक द्रव्यं घालतात. पॅराबेन, फिनॉक्सीइथेनॉल वगैरे. ती पुरेशी आहेत का, हे तपासायला प्रयोगशाळेत मुद्दाम जंतू मिसळतात आणि त्यांची संख्या किती घटते ते २८ दिवस मोजतात. आयएसओ १७५१६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका ग्रॅममध्ये १००० हून अधिक जंतू नसावेत. डोळ्यांभोवती लावायच्या किंवा ३ वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत ही मर्यादा १०० आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसासारखे रोगकारक जंतू तर मुळीच सापडता कामा नयेत.

पण हा सगळा हिशेब लोशन जसं तयार झालं तसंच राहील, असं धरून केलेला असतो. आपण बोटं घालतो. न्हाणीघराच्या दमटपणात झाकण उघडं ठेवतो. तळाशी उरलेलं निघावं म्हणून बाटलीत पाणी घालून हलवतो. माझ्या मते ही शेवटची सवय सगळ्यात वाईट. त्या पाण्यानं संरक्षक द्रव्य पातळ होतं आणि नवे जंतूही आत जातात. वास, रंग, दाटपणा यांत काहीही न बदलता जंतू वाढलेले असू शकतात. पंपाच्या बाटलीत हा धोका बराच कमी असतो.

(दृश्य: लेबलावरची छोटी खूण, झाकण उघडलेली डबी आणि त्यात आकडा.)

त्या डबीतला १२ म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. युरोपीय संघात न उघडता ३० महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर ही खूण असते. अमेरिकेत साध्या लोशनवर मुदतीची तारीख छापण्याची कायदेशीर सक्तीच नाही. त्यामुळे उघडल्याचा महिना पेनानं बाटलीवर लिहून ठेवणं सोपं पडतं.

पेट्रोलियम जेलीत पाणी नसतं आणि ती सहजी खवट होत नाही, म्हणून ती पुष्कळ टिकते. उलट रेटिनॉलची, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाची, क्रीम हवेनं आणि उजेडानं आपला गुण गमावते. मुदत संपलेलं सनस्क्रीन तर अजिबात लावू नका. ते अंगावर पसरतं नेहमीसारखंच, पण ऊन पूर्वीइतकं अडवेल याची खात्री नसते.

धडधाकट त्वचेवर थोडं जुनं लोशन लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तान्हं बाळ, इसबानं फुटलेली त्वचा, ताजी जखम, किंवा उपचारांमुळे प्रतिकारशक्ती उतरलेला माणूस, यांच्यासाठी जुनी उघडी डबी वापरू नका. तिथे नवी बाटलीच उघडा.