कात्री घरच्या कापडावर का चालत नाही?

दह्या-चीजच्या कारखान्यात कधीकधी विरजण लागतच नाही. दूध चांगलं, तापमान बरोबर, विरजण नेहमीचं. तरी दूध जसंच्या तसं. अशा वेळी अनेकदा आत विषाणू शिरलेला असतो. तो आपल्याला काही करत नाही. तो जिवाणूंच्या मुळावर आलेला असतो. त्याला फाज म्हणतात. तो जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि काही वेळाने पेशी फोडून पिलावळ बाहेर पडते.

जिवाणू हे मुकाट्याने सोसत नाहीत. ई. कोलाय या जिवाणूच्या काही वाणांत इको-आर-वन नावाचं प्रथिन असतं. डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली, की ते डीएनए कापतं. लॅम्डा फाजाच्या ४८,५०२ अक्षरांत अशा पाच जागा आहेत. पण तुम्ही विचाराल, हाच शब्द जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही शेकडो ठिकाणी असणार, त्याचं काय? तिथे दुसरं एक प्रथिन आधीच त्यातल्या एका ए-वर मिथाइल या छोट्याशा रासायनिक गटाचा शिक्का मारून ठेवतं. शिक्का असेल तर कात्री चालत नाही. यावर टी-४ फाजाने तोड काढली: आपल्या सी अक्षराचं रूपच बदललं, वर साखर चिकटवली. कात्रीला शब्दच वाचता येईना!

दुसरी युक्ती क्रिस्परची. १९८७ साली ओसाकात इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलायमध्ये एकच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आलेला दिसला. तो कशासाठी, हे कळायला वीसेक वर्षं गेली. मधल्या जागांत जुन्या फाजांचे डीएनए-तुकडे जपून ठेवलेले असतात. २००७ साली डॅनिस्को कंपनीच्या बरांगू, होर्व्हाथ वगैरेंनी दह्याच्याच जिवाणूंवर फाज सोडले. जे जिवाणू वाचले, त्यांच्या संग्रहात त्या फाजाचा नवा तुकडा आलेला होता. तो काढला, की प्रतिकारही गेला.

आता इथे शिक्का नाही, आणि मला या गोष्टीचा हाच भाग सगळ्यांत आवडतो. तुकड्याची आरएनए-नक्कल घेऊन कॅस नावाचं कापणारं प्रथिन जुळणारा डीएनए शोधत फिरतं. पण तंतोतंत जुळणारा मजकूर तर त्याच्याच संग्रहात आहे! मग ते आधी तोच का कापत नाही? कारण कॅस-९ (त्यातलंच एक प्रथिन) आधी शेजार बघतं. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस या जिवाणूच्या कॅस-९ला जुळणाऱ्या मजकुराला लागून कोणतंही एक अक्षर आणि मग दोन जी हवे असतात. फाजाच्या डीएनएत ते असतात. संग्रहात तुकड्याशेजारी तो पुन्हापुन्हा येणारा ठरलेला मजकूर येतो, आणि त्यात नेमक्या त्या जागी दोन जी नसतात. शेजार जुळला नाही, की कॅस-९ तिथला डीएनए उलगडून बघतसुद्धा नाही.

फाजाने त्या दोन जींपैकी एक बदलला तरी तो निसटतो. मग काही जिवाणू शेवटचा उपाय करतात: पिलावळ तयार होण्याआधी स्वतःच मरतात. शेजारी बहुतेक त्यांचीच भावंडं असतात.