बॉलशी बोलणारा पोरगा

हा जो कुरळ्या केसांचा पोरगा गुडघ्यांवर बसून हाताने माती सारखी करतोय ना, तो माळी नाहीये हां, तो पिचर आहे, म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल टाकणारा. तारीख २८ जून १९७६, डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम, समोर न्यूयॉर्क यांकीज, आत ४७,८५५ माणसं आणि मॅच सगळ्या अमेरिकेत टीव्हीवर लाइव्ह चालू. आणि साहेब काय करतायत, तर आधीच्या पिचरने बुटाने पाडलेला खड्डा बुजवतायत.

नाव मार्क फिड्रिच, वय २१, गाव मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थबरो. उंच, लुकडा, हातपाय सगळीकडे, म्हणून खालच्या लीगमधल्या एका कोचने त्याला ‘बर्ड’ म्हणायला सुरुवात केली, लहान पोरांच्या सेसमी स्ट्रीटमधला तो पिवळाधमक उंच पक्षी आहे ना, त्याच्यावरून. नाव असं चिकटलं की पुढे पब्लिकने खरं नाव घेणंच सोडलं.

१९७४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात, डेट्रॉइटच्या टीमने, टायगर्सने, त्याला दहाव्या राउंडला घेतलेलं, म्हणजे आला तर आला, नाही तर नाही. १९७६ चा सीझन सुरू झाला तेव्हाही पहिले पाच आठवडे जवळपास बाकड्यावरच. मग १५ मे ला ज्याची पाळी होती त्या पिचरला फ्लू झाला आणि मॅनेजर राल्फ हाउकने ह्याला पाठवलं. समोर क्लीव्हलँड. मॅच नऊ इनिंगची, त्यात सहा इनिंगपर्यंत एकालाही हिट मिळाली नाही, म्हणजे बॉल मारून बेस गाठता आला नाही, अख्ख्या मॅचमध्ये फक्त दोन, आणि टायगर्स २-१ ने जिंकले.

आणि मग लोकांना दिसायला लागलं की हा पोरगा बॉल हातात धरून काहीतरी पुटपुटतोय. पेपरवाल्यांना काय, आयतंच मिळालं, बॉलशी बोलतो म्हणे! तो बिचारा सांगून थकला की अहो मी स्वतःशी बोलतो, खाली टाक, हात मोकळा सोड, एवढंच, पण कोण ऐकतंय. एखाद्या बॉलवर हिट बसली की तो बॉल अंपायरला परत, ह्याच्यात अजून हिट्स आहेत, दुसरा द्या.

बरेच जण म्हणतात नौटंकी होती. मला नाही पटत, कारण आकडे बघा, २५० इनिंग टाकल्या आणि स्ट्राइकआउट फक्त ९७. म्हणजे हा फलंदाजाला चकवून घरी पाठवणारा पिचरच नव्हता, बॉल खाली, गुडघ्याजवळ ठेवायचा, फलंदाज तो जमिनीवर मारणार आणि मागचे फील्डर आउट करणार. म्हणून कोणी चांगला बॉल अडवला की हा माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरून, चालत जाऊन त्याच्याशी हात मिळवायचा, आणि त्यात नाटक कुठलं, काम त्याचं तेच करत होते ना.

तर २८ जूनच्या त्या रात्री यांकीजना ५-१ ने हरवलं. मॅच संपली तरी कोणी जागचं हलेना, ‘वी वाँट द बर्ड’ चालूच, शेवटी ड्रेसिंग रूममधून त्याला परत बाहेर आणावं लागलं, मोजे घातलेल्या पायांनी टोपी हलवत आला. पगार किती, तर वर्षाला १६,५०० डॉलर, तेव्हाचा मिनिमम. आणि त्या वर्षी टायगर्सच्या घरच्या मैदानावर जेवढं पब्लिक आलं त्यातलं चाळीस टक्के ह्याच्या १८ मॅचना आलेलं, टीम ८७ मॅच हरलेली असताना!

सीझनचा हिशोब १९ विजय, ९ हार, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने सरासरी दिलेल्या धावा, २.३४, लीगमध्ये सगळ्यात भारी. रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सगळ्यात भारी नवखा. दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचला आपल्या लीगकडून सुरुवातीचा पिचरही हाच. पण मला खुपतो तो आकडा वेगळाच आहे, २९ वेळा सुरुवात केली त्यातल्या २४ मॅच एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या, त्यात मे-जूनमध्ये लागोपाठ दोनदा ११-११ इनिंग. २१ वर्षांचा खांदा.

मार्च १९७७, फ्लोरिडात लेकलँडला सराव चालू. हा आउटफिल्डमध्ये मस्ती करत उंच बॉल पकडायला पळतोय, उडी मारली आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं, मे अखेरीस परत आला, आणि चांगला टाकत होता बरं का. मग ४ जुलैला बाल्टिमोरविरुद्ध टाकता टाकता हात मेला, तो स्वतः असंच सांगायचा, दुखतोय असं नाही, मेल्यासारखा.

पुढे १९७८ मध्ये ३ मॅच, १९७९ मध्ये ४, १९८० मध्ये ९. पहिल्या वर्षी १९ जिंकलेला माणूस पुढे सगळे मिळून १० जिंकला. डॉक्टर झाले, उपाय झाले, १९८३ पर्यंत बोस्टनच्या खालच्या टीममध्ये धडपडला, कोणाला काही सापडेना. १९८५ मध्ये डॉ. जेम्स अँड्र्यूजनी तपासलं तेव्हा कळलं, खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारे स्नायूबंध, फाटलाय. १९७७ ते १९८३, सहा वर्षं त्या खांद्याने बॉल टाकत होता हा माणूस!

मग गावी शेत घेतलं, दहा चाकी ट्रक घेतला, खडी-माती वाहिली. १३ एप्रिल २००९ ला त्याच ट्रकखाली दुरुस्ती करताना फिरत्या दांड्यात कपडे अडकले. ५४ वर्षांचा होता.

त्याच जूनमध्ये डेट्रॉइटच्या नव्या स्टेडियममध्ये त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला. बायको आणि मुलगी मैदानात आल्या, आणि बॉल टाकण्याआधी दोघी माउंडवर खाली बसल्या आणि हाताने माती सारखी केली.