मधला पांढरा थर

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ओळख करून देताना सरांनी मला 'कॅन्सर संशोधक' म्हटलं. ऐकायला बरं वाटलं, पण माझ्या नेमणूकपत्रावर 'संशोधन सहायक' लिहिलेलं आहे. इम्युनोथेरपीच्या एका लॅबमध्ये माझी तीन वर्षं गेली, आणि त्यातला बराचसा वेळ पेशी मोजण्यात गेला. मावशी दर दिवाळीला विचारते, "काय गं, सापडलं का औषध?" मी सांगते, "उंदरांसाठी सापडलंय."

इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचाराबद्दल, थोडक्यात सांगते. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणं हे आपल्या रक्तातल्या टी पेशींचं काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच घरातली. एकतर ती ओळखू येत नाही, नाहीतर टी पेशींनाच लगाम घालते. हा लगाम सैल करण्याची वाट दाखवली म्हणून जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. दुसरी वाट कार-टीची. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवरची ठरावीक खूण त्यांना ओळखता येते. मग त्यांची संख्या वाढवून त्या शिरेतून परत द्यायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही अशीच थेरपी. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

आता माझ्या टेबलावर या. रक्ताची नळी येते. तिच्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक. दुसऱ्या नळीत तळाशी फायकॉल नावाचं दाट, पारदर्शक द्रव घेतलेलं असतं. त्यावर पातळ केलेलं रक्त नळीच्या कडेकडेने, श्वास रोखून सोडायचं. दोन्ही मिसळता कामा नयेत. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा तास फिरवायची. बाहेर काढली की वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी, आणि मध्ये फायकॉलच्या माथ्यावर दुधावरच्या सायीहूनही पातळ असा एक पांढरा थर. आम्हाला हव्या असलेल्या पेशी त्या थरात असतात. पिपेटने तो अलगद उचलायचा.

फिरवताना सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवावा लागतो, म्हणजे यंत्र आपल्या गतीने थांबतं. पहिल्याच महिन्यात मी तो चालूच ठेवला. यंत्र झटक्यात थांबलं, थर ढवळले गेले आणि नळीत नुसतं गढूळ पाणी दिसायला लागलं. कोणीतरी दंड पुढे करून दिलेलं रक्त होतं ते. हाताला लागलं तेवढं गोळा केलं. मोजलं तर नेहमीच्या चौथा हिस्सासुद्धा भरेना. नोंदवहीत नुसता आकडा लिहावा, कोण विचारतंय, असं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? आमच्या सीनियर ताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्रेक चालू राहिला, असं लिही. खाली सही कर. पेनने." कान लाल झाले, पण लिहिलं.

सहा महिन्यांनी एका बैठकीत आलेखावर एक ठिपका बाकीच्यांपासून फटकून बसलेला दिसला. या रुग्णाच्या टी पेशी वेगळ्याच वागतात की काय, अशी चर्चा रंगली. एकाने तर त्यावर पुढचा प्रयोगही आखायला घेतला. मी क्रमांक पाहिला आणि नोंदवही उघडून पुढे सरकवली. चर्चा तिथेच थांबली.

मोजणीही वाटते तेवढी सोपी नाही. ट्रायपॅन ब्ल्यू नावाचा रंग मेलेल्या पेशीत शिरतो आणि ती निळी दिसते, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही आणि चमकत राहते. अर्धवट निळी दिसणारी कुठल्या रकान्यात घालायची? हे आधीच ठरवून ठेवायचं, प्रयोगाचा निकाल काय हवाय ते आठवून नव्हे. शिवाय पेशींना रविवार कळत नाही. त्यांचं मीडियम, म्हणजे ज्या द्रवात आम्ही त्या वाढवतो ते, लालसर असतं. त्या वाढल्या, आम्ल साचलं की ते पिवळं पडतं. सख्ख्या चुलतबहिणीच्या हळदीला मी तासभर उशिरा पोचले, कारण लॅबमध्ये दोन फ्लास्क आधीच हळदीचे झाले होते.

२०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या लहान मुलीला रक्ताच्या कॅन्सरसाठी कार-टी पेशी दिल्या. त्यानंतर तिला प्रचंड ताप चढला, ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्ततपासणीत आयएल-६ हे प्रथिन भलतंच वाढलेलं निघालं. त्याला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी वापरात होतं. संशोधक कार्ल जून यांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता. औषध दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. ही गोष्ट सांगताना सगळे जून यांच्या त्या आठवणीवर थांबतात. मी दर वेळी आयएल-६ च्या आकड्यावर थांबते. ती तपासणी कोणाच्या तरी हातून झाली होती, आणि त्या दिवशी त्या हाताने नळ्यांची अदलाबदल केली नव्हती.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडलाय. यीस्टच्या पेशी आहेत, मिथिलीन ब्ल्यू आहे. दोघादोघांनी जा, एकाच स्लाइडवरच्या निळ्या पेशी वेगवेगळ्या मोजा. आणि आकडा कागदावर उतरवल्याशिवाय एकमेकांना सांगू नका.