मुळांना विरजण

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘वनस्पतींचे जिवाणू-मित्र व त्यांची प्रतिजैविके’. हे शीर्षक चिटणीसांचं. मी फोनवर ‘विरजणावर बोलतो’ एवढंच म्हटलं होतं. त्यांना वाटलं, ह्याला पाककृतींच्या कार्यक्रमाचं बोलावणं गेलंय. पत्र्यावर पाऊस वाजतोय, मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. अरे वा, म्हणजे येतंय.

आधी माझी फजिती सांगतो. आमच्या आगरात पोफळींवर मिरीचे वेल सोडलेत. तीन वर्षांमागे श्रावणात वेल पिवळे पडले, पानं गळाली, बुंध्याशी काळं झालं. मर रोग. दापोली तालुक्यात ह्याची ओळख करून द्यायला नको. सुपारीच्या कोळेरोगाचा चुलतभाऊ, दोघंही फायटोप्थोरा ह्या बुरशीसारख्या जीवांच्या घराण्यातले. एक वर घडाला बसतो, दुसरा खाली मुळाशी. गेलो तालुक्याला. दुकानदाराने सुडोमोनास ह्या जिवाणूची पुडी काढून दिली. कुठून काढली? दर्शनी काचेतून, पश्चिमेच्या उन्हातून, बुरशीनाशकाच्या खोक्यावरून. तारखेवर त्याचा अंगठा होता. मी तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं, आणि अंगठा बाजूला कर म्हणायचं सुचलं नाही.

घरी येतो तर गडी सांगतो, “सकाळी फवारून उरलेला बोर्डो मिरीच्या बुंध्यात ओतलाय.” बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. म्हटलं छान, दुहेरी औषध! त्याच आळ्यात संध्याकाळी पावडर कालवून ओतली. आठ दिवसांत चार वेल आडवे. मी पडवीत बसून दुकानदारापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होतो. काकू आत ताक घुसळत होती. रवी थांबवून म्हणाली, “मेल्या, कढत दुधात विरजण घातलंस, नि आता दही लागलं नाही म्हणून कोकलतोस?”

काकू चौथी शिकलेली. ह्या विषयावर त्यापेक्षा नेमकं वाक्य माझ्या वाचनात नाही. पुडीत औषध नसतं हो, जीव असतो. शंखजिऱ्याच्या भुकटीत बसवलेले जिवंत जिवाणू. ते उन्हात शिजतात, मोरचुदाने मरतात.

मोरचुदाला मी नावं ठेवत नाही. कोळेरोगाला बोर्डोच, पोफळीच्या शेंड्यावर जिवाणू पाठवून पावसात काय टिकणार? त्या बोर्डोची कथाही आपल्या मातीत शोभेल अशी आहे. फ्रान्सात बोर्डोकडचे बागायतदार रस्त्याकडेच्या द्राक्षांवर निळं-हिरवं काहीतरी शिंपडायचे, कारण चोर. तेवढ्याच वेलींना केवडा रोग नाही, हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, आणि 1885 साली त्याने मोरचूद-चुन्याचं मिश्रण जगापुढे मांडलं. आपल्याकडचे चोर धोतराला पुसून खातील, तो भाग वेगळा.

आणखी एक राहवत नाही म्हणून सांगतो. मृगाच्या पहिल्या सरीला जो मातीचा वास येतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा. त्यांच्याच एका भावंडापासून 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, क्षयावरचं. तळघरात बसून ते शोधलं अल्बर्ट शॅट्झ ह्या विद्यार्थ्याने. 1952 चं नोबेल मिळालं एकट्या वॅक्समन ह्या मार्गदर्शकाला. इथे पीएचडी करणारं कुणी असेल तर त्याने हसू नये, गाईड पहिल्या रांगेत असतात.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे, वस्तीची एसटी.’ म्हणजे मुख्य विषय पाच मिनिटांत.

मुळातून साखर पाझरते, आमिनो आम्लं पाझरतात. त्यावर सुडोमोनास फ्लुओरेसन्स मुळाशी बिऱ्हाड करतो, आणि दुसरं कुणी त्या पंगतीत घुसू नये म्हणून विषं सोडतो: डीएपीजी, फेनाझिन, पायरोलनायट्रिन. ही त्याची प्रतिजैविकं. शिवाय त्याचं पिवळट-हिरवं रंगद्रव्य आसपासचं लोह ओढून घेतं. बुरशी उपाशी राहते. बॅसिलस सबटिलिस ह्या दुसऱ्या जिवाणूचं इट्युरिन हे प्रतिजैविक बुरशीच्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतं. बॅसिलस बीजाणू धरतो, म्हणजे जाड कवचात झोपून राहतो, म्हणून त्याची पुडी जरा दम काढते. सुडोमोनास बीजाणू धरत नाही, तो नाजूक.

आता विरजण. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात गव्हावर गहू घेत गेले. मुळं कुजवणारा टेक-ऑल रोग आधी काही वर्षं वाढला, मग फवारणीशिवाय आपोआप ओसरला. जेम्स कुक, डेव्हिड वेलर वगैरे वनस्पतिरोगतज्ज्ञ मंडळींनी ह्याचा पिच्छा पुरवला. त्या जमिनीतली शंभराला एक भाग माती रोगट मातीत कालवली तरी गुण लागतो! माती तापवली की गुण गेला. काकूचंच शास्त्र. मुळाच्या एका ग्रॅमला लाखभर डीएपीजीवाले जिवाणू असले तर रोग दबतो, कमी असले तर नाही. चिमूटभर विरजणाने हंडाभर दूध लागत नाही तसं. काही सुडोमोनास तर पुरेसे भाऊबंद जमल्याशिवाय फेनाझिन करतच नाहीत: प्रत्येक जण एक रेणू सोडतो, तो साचला की सगळे एकदम कामाला लागतात. ग्रामसभेत कोरम भरतो तसं. आपल्याकडे भरत नाही, ते सोडा.

भाताच्या बियाण्याला किलोमागे दहा ग्रॅम पावडर चोळा, सावलीत. पुडी सावलीतली घ्या, अंगठा बाजूला करायला लावा. बोर्डो आणि ही पावडर ह्यांत मी पंधरा दिवस सोडतो.

हो, मिरीचं राहिलं. पुढच्या वर्षी पुडी माठाच्या कोनाड्यात ठेवली, मुरलेल्या शेणखतात कालवली, ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर झाकली आणि पावसाच्या तोंडी आळ्यांत घातली. अकरापैकी दहा वेल टिकले. पण त्याच वर्षी मी चर खणून आगरातलं पाणी काढलं होतं, आणि तुलनेला म्हणून बिनपावडरीचा एकही वेल ठेवला नव्हता. अध्यक्ष विज्ञानाचे आहेत, ते ह्यावर माझी हजेरी घेतीलच. घ्या साहेब, गाडीने हॉर्न दिलाय.