अंदाजपंचे दाहोदरसे आणि दहा हजार यार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते फायर कंट्रोलबद्दल. विषय ऐकून आमच्या शेजारचे काका म्हणाले, "बरं झालं, जिन्यातले ते लाल सिलिंडर कसे चालवायचे तेही एकदा सांगून टाक." तेव्हा आधीच सांगतो, आग विझवण्याशी याचा काडीचा संबंध नाही. हलत्या जहाजावरून दुसऱ्या हलत्या जहाजावर तोफ डागायची आणि गोळा नेमका त्याच्याच डोक्यावर पडेल असं बघायचं, या सगळ्या खटाटोपाला नौदलात फायर कंट्रोल म्हणतात. माऱ्याचं नियंत्रण. आणि मी बोलणार आहे ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टेहळ्या क्रूझरबद्दल, स्काउट क्रूझरबद्दल. क्रूझर म्हणजे वेगवान युद्धनौका. तेव्हा रडार नव्हतं, संगणक नव्हता. होती ती एक दुर्बीण, एक घड्याळ आणि तोंडाशी धरलेली पितळी नळी.

स्काउट म्हणजे आरमाराच्या पुढे धावणारा जासूद. ब्रिटिशांनी १९०४-०५ च्या सुमाराला अशा आठ नौका बांधल्या. पाथफाइंडर, पेट्रोल, अ‍ॅडव्हेंचर, अटेंटिव्ह, सेंटिनेल, स्कर्मिशर, फॉरवर्ड, फोरसाइट. ताशी पंचवीस सागरी मैल वेग हवाच, ही अट. आता वेग हवा म्हटल्यावर वजन कुठून कापणार? तोफांतून. म्हणून यांच्यावर दहा-दहा तोफा, पण बारा पौंडी. तीन इंची तोंडाच्या. गोळा सहा किलोच्याही आत. म्हणजे घरच्या भरल्या गॅस सिलिंडरपुढे अगदीच पोर. शिवाय आठ त्याहून लहान तोफा आणि पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडायच्या दोन नळ्या. पुढे या तोफा कमी पडतात हे कळलं, तेव्हा १९११-१२ च्या सुमाराला त्या काढून नऊ-नऊ चार इंची तोफा बसवल्या. अमेरिकेनं १९०८ मध्ये चेस्टर, बर्मिंगहॅम आणि सेलम अशा तीन स्काउट नौका आणल्या, त्यांच्यावर तर दोनच पाच इंची आणि सहा तीन इंची तोफा. आणि या सगळ्या तोफांचा शेवटी किती उपयोग झाला? पाथफाइंडर ५ सप्टेंबर १९१४ ला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीच्या एका पाणतिरानं उडाली. दारूगोळ्याच्या कोठारानंच पेट घेतला. शत्रू दिसलाच नाही, तर नेम कुणावर धरणार?

पण शत्रू दिसला तरी काय, हा आजचा प्रश्न. तोफ मोठी असून भागत नाही, श्रोतेहो, अंतर कळावं लागतं. हे वाक्य मी आज दोन-तीनदा म्हणणार आहे, कंटाळू नका. तोफ मोठी असून भागत नाही, अंतर कळावं लागतं.

लहानपणी कैऱ्या पाडल्या असतील तुम्ही. पहिला दगड फांदीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे कुणाच्या तरी कौलांवर आणि तिसरा कैरीला. अंदाजपंचे दाहोदरसे. झाड जागचं हलत नाही म्हणून हे जमतं. आता कल्पना करा, कैरी सायकलवर बसून पळतेय आणि तुम्हीही दुसऱ्या सायकलवर. दोन क्रूझर समोरासमोर पंचवीस-पंचवीसच्या वेगानं येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला सुमारे सतराशे यार्डांनी कमी होतं. (यार्ड म्हणजे तीन फूट.) आणि दहा हजार यार्डांवर गोळा पोचायला वीसएक सेकंद लागतात. म्हणजे गोळा हवेत आहे तेवढ्यात शत्रू सुमारे पावणेतीनशे यार्ड सरकलेला. तुम्ही जिथे नेम धरला तिथे आता फक्त पाणी. (सिनेमात कप्तान "फायर" म्हणून ओरडतो आणि लगेच समोरची नौका फुटते. त्या दिग्दर्शकांना एकदा कैऱ्या पाडायला पाठवलं पाहिजे, असं माझं मत आहे. असो.)

अंतर कसं मोजायचं? हात लांब करा. अंगठा उभा धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा उडी मारतो ना? दोन डोळ्यांत जेमतेम अडीच इंचांचं अंतर, तरी एवढी उडी. आता डोळे नऊ फूट लांब असते तर? बार आणि स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी नेमकं तेच केलं. लांब नळी, दोन्ही टोकांना भिंगं आणि आरसे, मधे एक माणूस. त्याला शत्रूची डोलकाठी वर-खाली दोन तुकड्यांत दिसायची. चक्री फिरवून तुकडे एका रेषेत जुळवायचे. जुळले की अंतर वाचायचं. हा रेंजफाइंडर. अंतर वाचलं की ते त्या पितळी नळीतून ओरडून तोफांना सांगायचं. आणि अंतर बदलतंय किती वेगानं, हे काढायला ड्यूमरेस्क नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं १९०२ मध्ये एक तबकडी केली. आपला वेग, त्याचा वेग, दोघांच्या दिशा लावल्या की ती उत्तर द्यायची. यंत्राचं नावही ड्यूमरेस्कच. विकर्स कंपनीच्या घड्याळाबद्दलही सांगायचं होतं, त्याचा काटा मिनिटं नाही तर यार्ड दाखवायचा. पण वेळ जातोय आणि मला जी गोष्ट सांगायचीय ती अजून सुरूच झालेली नाही.

गोष्ट पहिल्या महायुद्धातली, ९ नोव्हेंबर १९१४ ची. हिंदी महासागरातली कोकोस बेटं. नौका दोन, जर्मनांची एमडन आणि ऑस्ट्रेलियाची सिडनी. दोघी लाइट क्रूझर, म्हणजे त्या जुन्या टेहळ्यांच्या थोड्या धाकट्या बहिणी. एमडन आपल्याकडे माहितीची. २२ सप्टेंबरला रात्री तिनं मद्रासच्या बंदराजवळ येऊन दिवे मारले आणि तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या. टाक्या जागच्या हलत नाहीत, श्रोतेहो. तिथे रेंजफाइंडरची गरज नव्हती. तमिळमध्ये तेव्हापासून एमडन म्हणजे महाचलाख माणूस. मराठीत तो शब्द आला नाही, आपल्याकडे बिलंदर आधीच होते. आणि या एमडनवरचा साबण संपत आला होता, तर नेमकं इंडस नावाचं साबणानं भरलेलं जहाज हाती लागलं. ही गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "जर्मन असले तरी स्वच्छ होते म्हणायचे."

तर त्या सकाळी एमडनचा कप्तान म्युलर यानं पन्नास माणसं बेटावर उतरवली. बेटावर तारायंत्राचं ठाणं होतं, ते मोडायचं होतं. ठाण्यातल्या लोकांनी जर्मनांना विनंती केली म्हणे, की डोलकाठी पाडाल तर टेनिसच्या मैदानावर पाडू नका. आणि जर्मनांनी ऐकलं! पण त्याआधीच ठाण्यानं संदेश पाठवून टाकला होता, की परकी युद्धनौका आली आहे. पन्नास-पंचावन्न मैलांवरून ऑस्ट्रेलियन सैन्य घेऊन जहाजांचा तांडा चालला होता. त्यातून सिडनी निघाली, पूर्ण वेगानं. क्षितिजावर धूर दिसला तेव्हा एमडनवाल्यांना वाटलं, आपलंच कोळशाचं जहाज आलं. जवळ येईपर्यंत उशीर झाला. भोंगे वाजवून बेटावरच्या लोकांना बोलावलं, ते पोचू शकले नाहीत. म्युलरला पन्नास माणसं मागे सोडून लढायला निघावं लागलं आणि त्यांत तोफा चालवणारेही होते.

आता हिशेब बघा. एमडनच्या दहा तोफा, साडेदहा सेंटीमीटरच्या. सिडनीच्या आठ, सहा इंची. बाजूला वळून मारा केला तर दोघींच्याही पाच-पाचच तोफा लागायच्या. पण सिडनीचा एक गोळा पंचेचाळीस किलोचा, एमडनचा सतरा-साडेसतरा. एका फेरीत सिडनी सव्वादोनशे किलो पोलाद फेकणार, एमडन नव्वदच्या आत. कागदावर सामना संपलेला. आणि सिडनीचा कप्तान ग्लॉसप यालाही तसंच वाटलं. एवढ्या लांबून या लहान तोफा आपलं काय करणार? पण जर्मन तोफा तीस अंशांपर्यंत वर होत. त्यांचा पल्ला बारा हजार मीटरच्या पुढे होता. नऊ चाळीसला दहा हजार यार्डांच्या आसपास एमडननं तोंड उघडलं आणि गोळे अचूक येऊ लागले. भराभर.

सिडनीच्या वरच्या पुलावर, म्हणजे जिथून कप्तान नौका हाकतो त्या मचाणावर, अगदी उघड्यावर, रेंजफाइंडर बसवलेला. त्याच्या मागे चक्री फिरवणारा खलाशी. तोच तो, दोन तुकडे जुळवणारा. हातभर अंतरावर तोफखान्याचा अधिकारी, थोडं पुढे कप्तान. पहिल्या काही मिनिटांत एक गोळा आला तो थेट या रेंजफाइंडरवर. यंत्र मोडलं. खलाशी जागच्या जागी गेला. आणि गोळा पुढे निघून गेला, न फुटता. न फुटता, श्रोतेहो! फुटला असता तर कप्तानासकट पुलावरचं कुणी शिल्लक राहिलं नसतं आणि आज मी ही गोष्ट वेगळी सांगितली असती. थोड्याच वेळात दुसरा गोळा मागच्या नियंत्रण चौकीवर. तिथली माणसं जखमी. म्हणजे अंतर मोजणारा डोळा फुटला आणि राखीव जागाही गेली. जड तोफा शाबूत, गोळे शाबूत, वेग शाबूत. फक्त समोरची नौका किती लांब आहे हे कळेना. मघाशी म्हटलं ना, तोफ मोठी असून भागत नाही.

मग सिडनीनं काय केलं? कैऱ्या पाडल्या. खरंच. पहिली फेरी पलीकडे. पुढची अलीकडे. पाण्याचे उंच फवारे कुठे उठतात ते दुर्बिणीतून बघायचं, त्यावरून कमी-जास्त करायचं. अलीकडे, पलीकडे, अलीकडे, पलीकडे, मधे कुठेतरी एमडन. वेळ लागला याला. त्या वेळात एमडननं सिडनीला दहाएक गोळे मारले. पण बरेच फुटलेच नाहीत आणि जे फुटले ते लहान. सिडनीची चार माणसं या लढाईत गेली. आणि मग सिडनीला अंतर सापडलं.

एकदा सापडल्यावर पंचेचाळीस किलोचे गोळे काय करतात ते एमडननं बघितलं. बिनतारी खोली गेली. तोफांपर्यंत हुकूम पोचवणाऱ्या तारा गेल्या. म्हणजे आता उलटा प्रकार! एमडनच्या तोफा आहेत, पण त्यांना कुणी काही सांगू शकत नाही. सुकाणू अडकलं. पहिलं धुराडं पडलं. मग पुढची डोलकाठी, तिच्यावरच्या नेम बघणाऱ्या माणसांसकट. मग दुसरं धुराडं. शेवटी तिसरंही. सिडनीचा वेग जास्त, म्हणून आता अंतर किती ठेवायचं ते ग्लॉसप ठरवत होता. सव्वाअकराच्या सुमाराला म्युलरनं आपली नौका उत्तर कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवली, बुडू नये म्हणून. सव्वाशेहून जास्त जर्मन मेले होते. सिडनीनं एकूण सहाशे सत्तरच्या आसपास गोळे झाडले. त्यांतले लागले सुमारे शंभर. सहा-सात गोळ्यांना एक. आणि तेव्हाच्या मानानं ही नेमबाजी चांगली मानतात! (पाककृतीत हल्ली ग्रॅममध्ये मापं देतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वाटी आणि चिमूट यांनीसुद्धा आमटी होते, फक्त दोन-चारदा चाखावी लागते.)

आणि बेटावर राहिलेले ते पन्नास जण? त्यांनी लढाईची सुरुवात किनाऱ्यावरून बघितली आणि बंदरातलं आयेशा नावाचं जुनं शिडाचं जहाज घेऊन पसार झाले. अरबस्तानातून, कॉन्स्टँटिनोपलमार्गे, घरी जर्मनीला. त्यावर एक वेगळा कार्यक्रम होईल. काचेपलीकडून ताई दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं.

तेवढ्यात एवढं सांगतो. ती तबकडी करणारा ड्यूमरेस्क आठवतो ना? जन्म सिडनी शहरातला. १९१७ मध्ये तोच या सिडनी नौकेचा कप्तान झाला. जिचा रेंजफाइंडर पहिल्या काही मिनिटांत गेला होता, तिच्यावर अंतराचं गणित सोपं करणारा माणूस आला. त्याच वर्षी नौकेची जुनी डोलकाठी काढून तीन पायांची नवी, भक्कम डोलकाठी बसवली. माऱ्याचं नियंत्रण उंचावरून, एका ठिकाणाहून करता यावं, तिथल्या यंत्रांचं वजन पेलावं, म्हणून. नौका १९२९ मध्ये मोडीत निघाली, पण ही डोलकाठी राहिली. सिडनी बंदरात ब्रॅडलीज हेड नावाचं टोक आहे, तिथे पाण्याच्या कडेला ती उभी आहे. समोरून रोज फेरीबोटी जातात. कधी गेलात तर मान वर करून बघा. एवढ्या उंचावर चढून, हातात तबकडी धरून, नळीत तोंड घालून कुणीतरी ओरडायचं, "दहा हजार दोनशे... दहा हजार..."

नमस्कार.