पेटीत नसलेला गंधार

हा आवाज ऐका. हा ब्लूज, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. सोबत एकटी गिटार, आणि बोटात घातलेली नळी तारेवरून सरकतेय.

ऑगस्ट १९४१. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर एक कृष्णवर्णीय ट्रॅक्टरचालक गातोय. कागदोपत्री नाव मॅककिन्ली मॉर्गनफिल्ड. लोक म्हणतात, मडी वॉटर्स. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क त्याचं ध्वनिमुद्रण करतायत. पुढे टपालानं वीस डॉलर आणि तबकडी आली. मडीनं ठेवणीतला सूट चढवला आणि तबकडी हातात धरून फोटो काढून घेतला. स्वतःचं गाणं त्यानं पुन्हा पुन्हा लावलं. हे आपल्याला जमतंय की!

दोन वर्षांत त्यानं शिकागोची गाडी पकडली.

शिकागोच्या गुत्त्यांमध्ये गोंगाट एवढा, की साध्या गिटारचा टिकाव लागेना. मग आली विजेची गिटार. १९५८ मध्ये ती घेऊन मडी इंग्लंडला गेला, तर तिकडच्या रसिकांचे कान किटले. त्यांना मळ्यावरचं साधं गाणं हवं होतं. बरं, म्हणून १९६३ मध्ये तो साधी गिटार घेऊन गेला. तोवर तिथल्या पोरांना विजेचीच गोडी लागलेली! रसिकांचं काही खरं नाही.

आता थोडं सुरांबद्दल. ब्लूजमधला गंधार, म्हणजे ‘ग’ हा सूर, आपल्या पेटीवाल्याला ऐकवा. कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. पेटीत तो सापडायचा नाही. तार ओढून किंवा गळ्यातून सरकत जाऊन तो गाठावा लागतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ब्लूज परका वाटत नाही, त्याचं एक कारण मला तरी हेच वाटतं.

बाकी मांडणी सोपी. चार-चार ठोक्यांची बारा घरं, तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ). एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं.

१९५७ मध्ये लुईझियानाहून एक एकवीस वर्षांचा पोरगा शिकागोत आला. बडी गाय. पैसे संपलेले, पोटात अन्न नाही. त्याचं वादन ऐकून मडीनं आधी त्याला सलामी सँडविच खाऊ घातलं. बडी ही आठवण अनेकदा सांगत आलाय.

तोच बडी २०११ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवायला उभा राहिला. महिंद्रा ब्लूज महोत्सवाचं ते पहिलं वर्ष. याच महोत्सवात शिलाँगचा सोलमेट बँडही गाजला.

या महोत्सवाचा शेवट बहुधा सगळ्यांच्या एकत्र वादनानं होतो. कोणी शिकागोचा, कोणी शिलाँगचा. त्यासाठी लांबलचक तालीम लागत नाही. एकजण पट्टी सांगतो, ड्रमवाला चार मोजतो, आणि पहिल्या घरात सगळे एकदम शिरतात.